हाताशी काही नको

मावशी मुलीकडे राहायला गेली, तर सुताराच्या पदरात काय पडणार होतं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे त्याला कोणी देवमाणूस ठरवायला नको आणि कोणी लबाडही.

पडणार होत्या वरच्या दोन खोल्या. खाली सुताराचं दुकान होतं, म्हणजे भुसा, सरसाचा वास आणि दिवसाढवळ्या लावलेले दिवे. वर मावशी राहायची, आणि तिथे रस्त्याच्या अंगाला दोन उंच खिडक्या होत्या. सुतार लोकांना स्वयंपाकघरं बांधून द्यायचा. या धंद्यात गिऱ्हाइकाचं कागदावरच्या चित्राने समाधान होत नाही. त्याला ड्रॉवर ओढून बघायचा असतो, बिजागरी कुरकुरते का ते कान लावून ऐकायचं असतं. वरच्या उजेडात दोन नमुने मांडले की धंद्याचं सोनं होईल, हे सुताराने मनात इतक्यांदा मांडून पाहिलं होतं, की मावशीच्या पलंगाच्या जागी कोणतं कपाट येणार तेही ठरलेलं होतं. तिच्याकडे चहाला बसला की त्या न झालेल्या कपाटाला पाय लागू नये म्हणून तो जरा आखडूनच बसतो, असं त्याची बायको सांगायची.

आणि तरी त्याचा मावशीवर जीव होता. आई लवकर गेलेल्या या भाच्याला तिनेच लहानाचा मोठा केला, नवऱ्याच्या माघारी खालची जागा त्यालाच दिली. जीव असणं आणि खोलीवर डोळा असणं या दोन गोष्टी एकाच माणसात गुण्यागोविंदाने नांदू शकतात. आमचं चष्म्याचं दुकान त्यांच्या समोरच आहे, त्यामुळे हे नांदणं मी वर्षानुवर्षं पाहत आलो.

मावशी अंगाने काटक, ऐंशी कधीच मागे टाकलेली. सगळी नोकरी टपाल कचेरीत पत्रं लावण्यात गेली. माणसाच्या डोक्याहून उंच अशी खणांची भिंत, प्रत्येक खणावर एका गावाची चिठ्ठी, आणि समोर उभं राहून गठ्ठ्यातलं एकेक पत्र ज्या त्या खणात टाकायचं. त्या कचेरीत एक चमत्कारिक रीत होती. महिना पालटला की खणांवरच्या चिठ्ठ्याही पालटायच्या. वरची गावं तळाला, तळाची वर, मधली कोपऱ्यात. याला ते खणबदल म्हणत. कशासाठी, ते कोणालाच सांगता यायचं नाही. कोणी म्हणे, लोकांनी झोपेत काम करू नये म्हणून. कोणी म्हणे, पहिल्या साहेबाचं डोकं फिरलं होतं आणि पुढच्या साहेबांना बंद करायचा धीर झाला नाही.

मावशी निवृत्त झाली तेव्हा बाकीच्यांनी कचेरीतून घड्याळ आणि शाल आणली. हिने खणबदल आणला. महिना पालटला की तिच्या स्वयंपाकघरात उलथापालथ. साखर छताजवळच्या फळीवर, चहा जमिनीलगतच्या कपाटात, कप एका भिंतीला आणि बशा समोरच्या.

"माझा नवरा जन्मभर साखर शोधत होता," ती सांगायची. "म्हणून तर घरात टिकला. सापडली असती तर कंटाळून कुठेतरी गेला असता."

तिला चहा करताना बघणं हा एक सोहळाच होता. चवड्यांवर उंच होऊन वरच्या फळीवरचा डबा ती दोन बोटांनी पुढे सरकवायची आणि पडू न देता तळहातावर घ्यायची. मग गुडघ्यांत वाकून पार खाली, तिथून पातेलं घेऊन पुन्हा वर, मग वळून समोरच्या भिंतीकडे, मधेच गॅस बारीक. कुठे घाई नाही, कुठे धाप नाही. पाण्यात मासा वळतो तशी ती त्या खोलीत वळायची. मी चहाला जायचो आणि चहा प्यायचं विसरून बघत बसायचो. आपल्याकडे कोणी असं टक लावून बघतंय हे लक्षात आलं की म्हणायची, "काय रे, नंबर काढतोयस का माझा?"

एकदा सुतार काही कामाने वर गेला, तर मावशी खुर्चीवर उभी. साखर त्या महिन्यात जरा जास्तच वर गेली होती. त्याच्या पोटात गोळा आला. तो गोळा खरा होता, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवतो. पण जिना उतरेपर्यंत त्या गोळ्याला एक कल्पनाही फुटली होती.

"मावशी, मी तुला नवं स्वयंपाकघर करून देतो. सगळं हाताशी. उठायलाच नको."

"मला उठायचा कुठे त्रास होतोय?"

"होण्याआधी करून ठेवतो."

त्याने केलं, आणि काय केलं म्हणता. त्याच्या हातचं इतकं देखणं काम मी त्याआधी पाहिलं नव्हतं. ओटा अर्धगोल, बसल्या बसल्या दोन्ही हात फिरवावेत तेवढा. ड्रॉवर बोटाच्या धक्क्याने उघडणारे, आपले आपण मिटणारे. प्रत्येक वस्तूला तिच्या मापाची खाच, मीठ मिठाच्या जागी आणि चमचा चमच्याच्या. मधोमध चाकांचं स्टूल. वाणसामान वर यावं म्हणून दुकानातून खिडकीपर्यंत दोरीची टोपली. "जिथे हात, तिथे वस्तू," हे त्याचं धंद्यातलं वाक्य होतंच, आता त्याला पुरावा मिळाला. तो गिऱ्हाइकांना घेऊन वर येऊ लागला. मावशी स्टुलावर बसून, एकदाही न उठता, चहा करून त्यांच्या हातात द्यायची. गिऱ्हाइकं थक्क व्हायची. सुताराला खोल्या न मिळताच अर्धा नमुना मिळाला.

आणि मावशी? खूश. खोटं कशाला सांगू. "राणीसारखी बसलेय," म्हणायची. खणबदल बंद झाला, कारण त्या खाचांत दुसरं काही बसतच नव्हतं. एवढ्या वर्षांची खोड गेली म्हणून घरच्यांनीही सुटकेचा श्वास टाकला. तो वेडेपणा होता याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं, तिचंही नाही.

मला समोरून जे दिसलं ते एवढंच. आधी ती खिडकीत उभी दिसायची, रस्त्यावरच्या माणसांची मापं काढत. मग बसलेली दिसू लागली. मग खिडकीच्या कडेवर नुसते पांढरे केस. आधी ती पाव आणायला स्वतः उतरायची, मग टोपली उतरू लागली. मी नंबर काढणारा माणूस, पण हा नंबर वाढतोय हे काही माझ्या लक्षात आलं नाही. हळूहळू वाढणारा नंबर कोणाच्याच लक्षात येत नाही.

थंडीच्या सुरुवातीला एका दुपारी चमचा पडला. चहाचा, साधा. मावशी स्टुलावरूनच वाकली, स्टूल मागे पळालं आणि ती अलगद जमिनीवर आली. लागलं काहीच नाही. चमचा कुठेतरी सरकून गेला होता, तो राहिला बाजूला. ती उठायला गेली आणि उठवेना.

खाली रंध्याचं यंत्र चालू होतं. तिने हाका मारल्या त्या भुशात गेल्या. चार वेळा तिने प्रयत्न केला, मग थांबली, कारण तिला हसू येऊ लागलं होतं आणि रडूही. उताणी पडून ती ते स्वयंपाकघर खालून बघत राहिली. ओट्याची खालची बाजूही सुताराने वरच्याइतकीच घासून गुळगुळीत केली होती. जिथे कोणी कधी बघणार नाही तिथेसुद्धा. तिला त्याचं कौतुक वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की जमीन इतक्या जवळून तिने हे स्वयंपाकघर झाल्यापासून पाहिलेलीच नाही. आणि छताजवळची फळीही नाही. सगळं मधल्या रांगेत. तिला कचेरीतली ती भिंत आठवली, जिथे महिना पालटला की अंगाला पुन्हा वाकावं, ताणावं लागायचं.

संध्याकाळच्या आत सुताराची बायको वाळलेले कपडे घेऊन वर आली.

"अगंबाई मावशी, पडलात?"

"पडले ते सोड, पडायला काय लागतं. मला उठवत नाहीये गं."

पुढचं सगळं जसं होतं तसंच झालं. डॉक्टरीणबाईंनी हाडं तपासली, धड निघाली. म्हणाल्या, "पडल्या याची मला काळजी नाही. उठता आलं नाही याची आहे. एकटं राहणाऱ्या माणसाला तेवढं तरी यायला हवं." मुलीला फोन गेला. मुलगी दुसऱ्या शहरात बँकेत मोठ्या हुद्द्यावर, जबाबदार, आणि दर बोलण्यात आपल्या घरी आईसाठी तयार होत असलेल्या खोलीचं पुढचं पाऊल सांगणारी. जिना नाही, अंघोळीला मदतनीस बाई, खिडकीतून बाग.

"आई, आता पुरे झालं. वर्षअखेरीचं काम उरकलं की वसंतात मी न्यायला येते."

"ये की. पण आलीस की आधी बघ. मी जमिनीवर आडवी होते. आपली आपण उठले तर इथेच राहीन. नाही उठले तर तू बॅग भर."

"हा काय खेळ आहे का?"

"डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय. त्यांना विचार."

"बरं," मुलगी म्हणाली. "पण उठता आलं नाही तर वाद नाही घालायचा."

"नाही घालणार."

सुतार तिथेच उभा होता. त्याच्या मनात त्या वेळी काय झालं ते त्याने मला नंतर स्वतः सांगितलं. आधी वाटलं, बिचारी मावशी. लगेच मागोमाग वाटलं, कपाट खिडकीच्या डावीकडे जास्त खुलेल.

दुसऱ्या दिवशी मावशीने त्याला वर बोलावलं.

"मला एक स्टूल करून दे. चाकं नकोत. हात टेकायला दांडा नको."

"उंची?"

"आज मी हात न लावता ज्याच्यावरून उठू शकते तेवढी. मग मला उठायला सोपं वाटायला लागलं की त्याचे पाय एक बोट कापायचे. मग परत एक बोट. जमीन येईपर्यंत."

सुतार तिच्याकडे बघत राहिला. आयुष्यात त्याने कितीतरी वस्तू बनवल्या होत्या, पण संपवण्यासाठी बनवायची अशी ही पहिलीच.

"आणि ती टोपली काढ. आणि मीठ आजपासून खाली तुझ्या दुकानात राहील."

"दुकानात? मावशी, गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"म्हणेल, सुताराकडे मीठही मिळतं."

तिने खणबदल परत सुरू केला. त्या देखण्या खाचांत काही बसेना म्हणून ड्रॉवरच रिकामे ठेवले. साखर छताजवळ, पातेली तळाला, कप बाहेरच्या खोलीत. चाकांच्या स्टुलावर कुंडी ठेवली. गिऱ्हाईक नमुना बघायला आलं की त्याला रिकामे ड्रॉवर दिसायचे आणि एक म्हातारी भिंत धरून चवड्यांवर उभी राहताना दिसायची. थक्क ते तरीही व्हायचं, पण कामाची मागणी न नोंदवता निघून जायचं.

पहिल्यांदा ती मिठासाठी खाली उतरली तेव्हा मी माझं दुकान तसंच टाकून रस्ता ओलांडला. कठड्यावर एक हात. सुताराची बायको एक पायरी खाली, पाठ दाराकडे, तोंड मावशीकडे, दोन्ही तळहात पसरून उलटी उतरत होती. मावशीला ती हात लावत नव्हती. नुसते पसरलेले हात. मावशी पायरीवर पाय ठेवायची, वजन द्यायची, थांबायची. मीठ घेऊन वर पोचेपर्यंत भाजी गार झाली होती.

"तुम्ही मीठ कमी खाल्लंत तर चालेल की," मी म्हटलं.

"तू चष्मा विकायचं कमी केलंस तर चालेल की," ती वरून म्हणाली.

दुपारी यंत्रं बंद झाली की ती दुकानात त्या स्टुलावर बसायची. हात छातीवर घडी. पाय जरा मागे घ्यायची, अंग पुढे झुकवायची, आणि उठायची. खाली बसायची, परत उठायची. सुतार डबा खाता खाता बघायचा, आणि तिने मान हलवली की करवत घ्यायचा. चार पाय, चार चकत्या. त्याची बायको त्या चकत्या उचलून बिस्किटांच्या डब्यात ठेवायची. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मी माणसं बघणारा माणूस आहे, सहसा विस्मय वाटत नाही. पण त्या हिवाळ्यात मला वाटला. आपण रोज कितीदा उठतो आणि त्यात काही असतं हे आपल्या गावीही नसतं. इथे एकेक भाग सुटा दिसत होता, घड्याळाचं झाकण काढून आतली चाकं फिरताना दाखवावीत तसा. मांडी थरथरायची. मग थरथर गुडघ्यात उतरायची. मग एक क्षण असा यायचा की ती ना बसलेली ना उभी, मागेही जाईल आणि वरही जाईल. त्या क्षणात ती डोळे मिटायची. आणि वर जायची. म्हातारपणी अंगातलं बळ नुसतं जातच राहतं असं मी धरून चाललो होतो. ते मागितलं तर परतही घेता येतं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघत होतो, आणि तरी पटत नव्हतं.

थंडी ओसरू लागली तेव्हा सुताराकडे एक बांधकामवाला आला. नवी इमारत बांधत होता, सगळ्या बिऱ्हाडांची स्वयंपाकघरं एकाच सुताराला द्यायची होती. त्याने खालचा अंधार पाहिला, वरचा उजेड पाहिला, मावशीचे रिकामे ड्रॉवर पाहिले. म्हणाला, "वसंतापर्यंत वर दोन नमुने नीट मांडून दाखवलेत, तर काम तुमचं."

त्या दुपारी मावशीने मान हलवली. सुताराने करवत घेतली आणि पाय कापले. मावशी बसायला गेली. जिथे स्टूल असायला हवं होतं तिथे ते नव्हतं, आणखी खाली होतं. ती धपकन टेकली. पाय मागे घेतले, पुढे झुकली, नाही आलं. परत झुकली. मग तोल जाऊन शेजारच्या भुशात बसली.

तिने जमिनीवर पडलेल्या चकत्या बघितल्या. आजवरच्या चकत्या एक बोट जाडीच्या. या तीन बोटं होत्या.

"करवत घसरली का रे?"

सुताराने करवत खिळ्याला टांगली.

"घसरते. शिकाऊ हाताची घसरते." ती भुसा झटकत होती. "तुझा हात कधीपासून शिकाऊ झाला?"

"मी दुसरं करून देतो, मावशी."

"नको. कापलंस ते कापलंस. जमीन काय माझ्यासाठी बोटाबोटाने खाली जाणार आहे?" मग त्याच्या बायकोला म्हणाली, "हात दे गं."

ती वर गेली. जाताना मीठ न्यायला विसरली, आणि सुताराच्या बायकोने ते वर नेऊन दिलं नाही, कारण वर मीठ दुसऱ्या कोणी पोचवायचं नाही असं ठरलेलं होतं. मावशीने त्या दिवशी अळणी खाल्लं. सुताराच्या बायकोने खाली नवऱ्याला वाढताना मिठाचा डबा उचलून बाजूला ठेवला. तोही अळणी जेवला.

दुसऱ्या दिवशी मावशी खाली आली तर स्टूल पुन्हा उंच. त्याने त्याच चकत्यांमधून एक बोट उतरवून बाकीचं पायांना परत जोडलं होतं, आत खुंटी ठोकून, सरस लावून. जोड स्पष्ट दिसत होता. ज्याच्या कामात जोड सापडला तर तो ते काम फेकून द्यायचा, अशा माणसाने हे दुकानाच्या मधोमध ठेवलं होतं.

मावशीने जोडावरून अंगठा फिरवला. बसली. उठली.

"बांधकामवाल्याला काय सांगितलंस?"

"जागा रिकामी नाही म्हणून."

"हं," मावशी म्हणाली आणि परत बसली.

वसंतात मुलगी आली. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात रिकामी बॅग, चांगली मोठी. दारातच तिचं लक्ष कुंडी ठेवलेल्या चाकांच्या स्टुलाकडे गेलं आणि ती सुताराच्या बायकोकडे बघून हसली, पण डोळे हसले नाहीत. तिला रात्र रात्र झोप लागत नव्हती हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. फोन वाजला की पोटात धस्स, आणि फोन वाजला नाही तरी धस्स. मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. "याचे डोळे धंद्याचे आहेत," मावशी म्हणाली, "खोटं सांगणार नाही."

आडवं व्हायला तिने स्वयंपाकघरच निवडलं, जिथे पडली होती तीच जागा. स्टुलाची तोपर्यंत नुसती फळी उरली होती, वर आणलेली तीही तिने बाजूला सारली. गुडघे टेकले, हात टेकले, कुशीवर झाली, उताणी झाली. छताकडे बघत म्हणाली, "आता कोणी बोलू नका."

वळली. कोपरावर आली. कोपराचा तळहात झाला. मग दोन्ही तळहात, दोन्ही गुडघे. रांगणाऱ्या मुलासारखी ती तिथे थांबली. इथून पुढचं पाऊल अवघड, ते आम्हा सगळ्यांना पाठ होतं. आम्ही वाट बघू लागलो.

ती थांबूनच राहिली. मग तिने मान खाली घातली. आणखी खाली. गाल जमिनीला लावला.

"दादा, उचल तिला," मुलगी म्हणाली.

सुतार पुढे झाला. त्याच्या बायकोने त्याची बाही घट्ट धरली.

"दिवा लावा रे कोणीतरी," खालून आवाज आला.

"आई, काय होतंय तुला?"

"काही होत नाहीये. चमचा दिसतोय."

ओट्याच्या टोकाला, मोरीच्या पाइपाजवळ, जमीन आणि लाकूड यांच्यात बोटभर फट होती. आपल्या कामात फट नसते असं सुतार सगळ्या जगाला सांगायचा. मावशी रांगत निघाली. उठायची ती उठली नाहीच, उलट दूर गेली, आणि पालथी होऊन हात आत घातला. मुलीने दोन्ही हात तोंडावर धरले. सुतार भिंतीला टेकला. आतून खडखड ऐकू आली.

"मोठे कारागीर," मावशी फटीत तोंड घालून म्हणाली, "फट आहे तुमची."

चमचा निघाला, भुशाने माखलेला. तो तिने उजव्या मुठीत धरला, आणि सोडला नाही. पुन्हा गुडघ्यांवर आली. आता एकच हात मोकळा. उजवा पाय पुढे आणून तळवा जमिनीवर सपाट ठेवला. मोकळा हात मांडीवर. अंग पुढे झुकलं. तो क्षण आला, ना खाली ना वर. ओटा दोन वीत अंतरावर होता, तिने तो धरला नाही. त्या घरात त्या घडीला तिच्या हाताशी एका चमच्याखेरीज काहीच नव्हतं. मांडी थरथरली. थरथर गुडघ्यात उतरली. तिने डोळे मिटले.

मी उगवता सूर्य पाहिलाय, भरती पाहिलीये, जहाज पाण्यात सोडतात तेही एकदा पाहिलंय. पण एखादी गोष्ट उठून उभी राहते म्हणजे काय होतं, ते मी त्या स्वयंपाकघरात पाहिलं. ती वर आली. पाठ सरळ झाली. मग दुसरा पाय शेजारी आणला आणि डोळे उघडले.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तसं करणं बरं दिसलं नसतं. मुलगी रिकाम्या बॅगेवर बसली, ती बॅग तिच्या वजनाने हळूहळू चेपत गेली, आणि ती चेपू देत राहिली. मावशीने चमचा धुतला, पुसला.

"चहा कर," ती मुलीला म्हणाली. "मी दमलेय."

मुलगी उठली. एक ड्रॉवर उघडला, दुसरा उघडला. "साखर कुठे आहे?"

"शोध."

जाताना मुलीने त्या चाकांच्या स्टुलाला पायाने हळूच ढकलून पाहिलं. "हे मी नेऊ? बँकेत दिवसभर बसून कंबर दुखते माझी."

"नको गं बाई. तरुण आहेस, बिघडशील."

आता कोणी काय किंमत मोजली ते सांगतो, मग तुम्हाला जाऊ देतो आणि मलाही दुकान बंद करू द्या. सुताराने उजेडाच्या दोन खोल्या मोजल्या आणि एका इमारतीची स्वयंपाकघरं. अजूनही गिऱ्हाइकांना तो अंधारातच बिजागऱ्या ऐकवतो, आणि महिना पालटला की कुरकुरत वर जाऊन मावशीला फळ्या पुसून देतो. मुलीने झोप मोजली, आणि पुढेही मोजणार आहे. फोन वाजला की तिच्या पोटात धस्स होतच राहील, ते तिला कोणी परत करू शकत नाही. सुताराच्या बायकोने एक अख्खा हिवाळा उलटा जिना उतरून मोजला. तिचे पसरलेले हात कोणी हिशेबात धरले नाहीत. तिच्याकडे बिस्किटांचा डबाभर चकत्या आहेत, बस्स.

या सगळ्यांनी जे मोजायचं ते बहुतेक मोजून झालं. मावशीचं संपलेलं नाही. आत्ताही समोरच्या दारात ती दिसतेय, एका हातात वाटी, दुसरा कठड्यावर. मिठाच्या प्रत्येक चिमटीला एक जिना मोजतेय.